वर्गातला गजर

वाचकहो, वर्गात मोबाइल नसावा, हे आपणां ज्येष्ठांचे मत मलाही पटते. फ्रान्सने 2018 साली शाळांसाठी तसा कायदाच केला. मात्र अपंग आणि गंभीर आजारी मुलांना त्यातून सूट ठेवली. ती किती आवश्यक आहे, हे माझ्या दवाखान्यात दिसते.

टाइप-1 मधुमेह असलेल्या एका नातीला तिची आजी घेऊन येते. मुलीच्या दंडावरचा नाण्याएवढा सेन्सर दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाइलला कळवतो. तो 70 च्या खाली उतरला की गजर होतो. शाळेने मोबाइल घरी ठेवण्यास सांगितले. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, मग मीच फाटकाशी बसते." आणि त्या खरोखरच बसू लागल्या. त्यांची चिकाटी थोर. पण वर्गात उतरलेली साखर फाटकाशी कशी कळावी?

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये सुचवले, की अशा मुलांना परीक्षेतही सेन्सर वापरू द्यावा आणि त्यासाठी लागणारा मोबाइल पर्यवेक्षकांकडे ठेवावा. हीच व्यवस्था वर्गातही चालते. डॉक्टरांचे पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. गजर झाल्यास ठरवून दिलेल्या प्रमाणात ग्लुकोज द्यावे, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे शिक्षकांना लिहून द्या. सेन्सर रक्ताच्या किंचित मागे चालतो. शंका आल्यास बोटातील रक्त तपासणे उत्तम.

त्या मोबाइलवर "डबा खाल्लास का?" हे विचारणे मात्र, आजी-आजोबांनो, शाळा सुटेपर्यंत थांबवावे.