मोल्डपासून चार पावलं मागे

आमच्या जालन्यातल्या कारखान्यात सीसीएमच्या, म्हणजे वितळलेलं स्टील सलग ओतून बिलेट घडवणाऱ्या यंत्राच्या, मोल्डवर उभ्या राहणाऱ्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असायचे. एका हाताने बिलेट ओढण्याचा वेग कमी-जास्त करायचा, दुसऱ्या हातातल्या सळईने स्टीलवर जमणारी मळी बाहेर काढायची. टंडिश या वरच्या भांड्यातून पंधराशे अंशांच्या वरची, बोटाएवढी जाड धार समोर उघडीच पडत असायची. मोल्डमध्ये सोडलेलं रेपसीड तेल जळून ज्वाळा यायच्या आणि त्या ज्वाळांतूनच, निळ्या काचेआडून, स्टीलची पातळी जोखायची. उन्हाळ्यात तर शिफ्ट संपेतो माणूस पिळून निघायचा.

त्याची दमछाक बिलेटच्या अंगावर दिसायची. पातळी खालीवर झाली की मोल्डच्या हालचालीच्या आडव्या खुणा वाकड्या उमटायच्या, मधेच मळीचा काळा चट्टा असायचा. एका रात्री असाच मळीचा तुकडा बिलेटच्या गोठलेल्या कवचात अडकला. तिथे कवच पातळ राहिलं आणि बिलेट मोल्डखाली येताच फुटलं. खाली स्प्रेचं पाणी. द्रव स्टीलखाली पाणी कोंडलं की क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. खाली असलेल्या हेल्परचा दंड भाजला. तो वाचला, पण त्याचं ओरडणं मी विसरू शकत नाही.

त्यानंतर आपोआप पातळी राखणारी यंत्रणा आली. मोल्डच्या एका बाजूला कोबाल्ट-६० चा स्रोत, समोर डिटेक्टर. स्टील वर चढलं की पलीकडे पोहोचणारे गॅमा किरण घटतात आणि ओढण्याचा वेग त्या हिशेबाने बदलतो. पोरं किरणोत्साराला घाबरली, घाबरायलाच हवं. मोल्ड बदलण्याआधी स्रोताचं शटर बंद करून कुलूप लावायचं आणि मीटरने तपासायचं, यात मी कुणालाही सूट देत नाही.

आता ऑपरेटर मागे पॅनेलजवळ असतो, मळी काढण्यापुरता पुढे येतो. खुणा सरळ उमटतात, बिलेट फुटण्याचे प्रकार कमी झालेत. माणूस आगीपासून लांब गेला म्हणून माल सुधारला, असंच मी मानतो.

टंडिशमध्ये स्टील सोडणाऱ्या लॅडलपाशी मात्र काम बाकी आहे. लॅडलच्या तळाचं नोझल आपसूक उघडलं नाही की अजूनही माणूसच ऑक्सिजनचा पाइप घेऊन पुढे जातो. त्याच्या जिवाला धोका, शिवाय तो ऑक्सिजन स्टीलमध्ये जाऊन मालही बिघडतो. ते आपसूक उघडावं म्हणून नोझलमध्ये भरलेली वाळू कोरडी हवी, पूर्ण भरलेली हवी. सध्या दर हीटला, म्हणजे स्टीलच्या प्रत्येक खेपेला, मी स्वतः ती बघतो.