माझी आई, इंग्रजीत

आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या आया इंग्रजीत एकसारख्या होत्या. सगळ्या पहाटे पाचला उठायच्या. सगळ्या 'काइंड अँड लव्हिंग' होत्या. सगळ्यांच्या हातचा स्वयंपाक 'डिलिशस' होता. आणि सगळ्या 'हाउसवाइफ' होत्या.

'माय मदर' हा निबंध बाईंनी फळ्यावर लिहून दिला होता. नाव आणि वय यांच्या जागी टिंबं. टिंबांवर आपापली माहिती भरायची, बाकीचं जसंच्या तसं उतरवायचं. बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. एका वर्गात साठ मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या उर्दू आणि आमच्यासारख्यांच्या मराठी. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा ती. २००० साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यानंतर लगेचच शाळेत गेलेली आमची पिढी. इंग्रजी पहिलीपासून होतं, पण घरी ते कुणालाच येत नव्हतं. अशा वेळी साठ पोरांना पास करायचं तर साचाच लागतो.

साचा म्हणजे काय, हे मला घरात रोज दिसायचं. आई विड्या वळते. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पान घ्यायचं, त्यावर पत्र्याचा साचा ठेवायचा आणि कात्रीनं बरोबर तेवढा तुकडा कापायचा. मग चिमटीत तंबाखू घेऊन पानात भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचं एक बंडल. हजार विड्या म्हणजे चाळीस बंडलं. मांडीवर सूप घेऊन, भिंतीला पाठ टेकून हे दिवसभर चालायचं. संध्याकाळी माल ब्रँचमध्ये द्यायचा. तिथला माणूस विड्या तपासणार, पसंत पडल्या नाहीत त्या 'छाट' म्हणून बाजूला काढणार, आणि उरलेल्यांची नोंद कार्डावर करणार.

माझ्या बाकावरच्या दोघींच्या आयाही विड्याच वळायच्या. तिघींच्या वहीत लिहिलेलं होतं, 'माय मदर इज अ हाउसवाइफ'.

गंमत म्हणजे कायद्याला ते मान्य नव्हतं. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगारच मानलं होतं. आईकडे तसं ओळखपत्र आहे. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते, तिचा अर्ज भरताना आईच्या कामाचं नाव व्यवस्थित लिहावं लागायचं. म्हणजे एकाच वर्षी, एकाच शाळेत, अर्जात माझी आई कामगार होती आणि निबंधात गृहिणी.

मराठीच्या निबंधात तरी वेगळं काय होतं? तिथं सुरुवातीला आईवरच्या एका ठरलेल्या कवितेची ओळ, मध्ये 'मायेचा सागर', शेवटी 'देवाला सगळीकडे जाता येत नाही म्हणून' वगैरे. त्याच वेळी मराठीच्या पुस्तकात धडे म्हणून चांगली व्यक्तिचित्रं असायची. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ सालचं. पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढी मोठी परंपरा हाताशी होती. पण धडा प्रश्नोत्तरांसाठी आणि निबंध मार्कांसाठी, या दोघांची भेट कुणी घालून दिली नाही.

दहावीनंतर इंग्रजीचा क्लास लावला. तिथं विशेषणांची यादी मिळाली. माणसाचं वर्णन कसं करायचं? आधी उंची, मग बांधा, मग रंग, मग केस, मग स्वभाव. विशेषणांचा क्रमही पाठ करायचा: आधी आपलं मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ. 'अ नाइस लिटल ओल्ड लेडी' बरोबर, 'अॅन ओल्ड लिटल नाइस लेडी' कानाला खटकतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना हा क्रम शिकावा लागत नाही, तो आपोआप जमतो. आपण 'काळी मोठी मांजर' म्हणा की 'मोठी काळी मांजर', मराठीत फारसं कुणी अडवत नाही.

त्या यादीतले काही शब्द फार चकवणारे होते. 'व्हीटिश' म्हणजे गव्हाळ. हा शब्द आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातींत सर्रास दिसतो, पण परदेशी माणसाला तो समजावून सांगावा लागतो. 'होमली' म्हणजे आपल्याकडे घर सांभाळणारी, साधी, सालस मुलगी. अमेरिकेत एखाद्या मुलीला 'होमली' म्हणालात तर ती दिसायला बेताची आहे असा अर्थ होतो. 'हेल्दी' म्हणजे आपल्याकडे जाड माणसाला सभ्यपणे जाड म्हणणं. आणि 'फेअर'. गोरेपणाला आणि न्यायाला एकच शब्द. माझी आई सावळी आहे. यादीत तिच्यासाठी 'डार्क' होता, आणि 'डस्की' हा जरा फॅशनचा. सावळ्या शब्दात जी माया आहे ती दोन्हींत नाही.

नात्यांची वेगळीच पंचाईत. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघी इंग्रजीत एकाच दारातून आत येतात: 'आंट'. आजोबा 'आले' असं आपण अनेकवचनात म्हणतो, इंग्रजीत ते 'ही केम' होतात. पहिल्यांदा तसं लिहिताना मला आजोबांना अरे-तुरे केल्यासारखं वाटलं होतं.

बीएच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमनी एक गृहपाठ दिला. घरातल्या एका माणसाचं वर्णन करा, एक पान. अट एकच: एकही विशेषण वापरायचं नाही. तो माणूस हातांनी काय करतो तेवढंच लिहा.

मी आईवर लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडकले. 'सूप'ला काय म्हणायचं? इंग्रजीत 'सूप' म्हणजे प्यायचं. शब्दकोशात 'विनोइंग फॅन' सापडलं. धान्य पाखडायचं सूप, बरोबर, पण आई त्यात धान्य पाखडत नाही, तंबाखू आणि कापलेली पानं ठेवते. मग मी नाव सोडलं आणि ती वस्तू काय करते ते लिहिलं: बांबूची पसरट ताटली, जी ती मांडीवर ठेवते. पुढं कापणं, भरणं, वळणं, दुमडणं, बांधणं. कट, फिल, रोल, फोल्ड, टाय. पाचवी-सहावीतली सोपी क्रियापदं. एक पान कधी भरलं कळलं नाही. इंग्रजीत मी लिहिलेलं ते पहिलं पान, जे शेजारच्या मुलीच्या वहीत असणं शक्य नव्हतं.

मॅडमनी वर्गात थिओफ्रॅस्टस नावाच्या ग्रीक लेखकाबद्दल सांगितलं. अॅरिस्टॉटलचा शिष्य. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्यानं तीस प्रकारच्या माणसांची चित्रं लिहिली: खुशामत करणारा, कंजूष, बडबड्या. आधी एका वाक्यात व्याख्या, आणि मग तो माणूस काय काय करतो याची यादी. तो कसा दिसतो हे जवळपास नाहीच. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये त्याच्या धर्तीवर अशी चित्रं लिहिण्याची लाटच आली होती. म्हणजे मॅडमची अट काही नवी नव्हती.

त्याच वर्षी आजी गेली. तीही विड्याच वळायची, आईला तिनंच शिकवलं. सहा महिन्यांनी मी तिच्यावर लिहायला घेतलं तेव्हा काळ बदलावा लागला. 'शी गेट्स अप' आता चालणार नव्हतं. 'शी गॉट अप' लिहिलं तर ती एकदाच उठली असं वाटत होतं. मराठीत आपण सहज म्हणतो, ती पाचला उठायची, पानं निवडायची, पुटपुटायची. या 'ायची'साठी इंग्रजीत काय? मॅडमनी माझ्या वाक्यात एक शब्द घातला: 'वुड'. 'शी वुड गेट अप अॅट फाइव्ह.' व्याकरणात मी 'वुड' शिकले होते तो जर-तरचा आणि विनंतीचा. गेलेल्या माणसाच्या सवयी सांगायलाही तोच वापरतात हे मला आजीमुळे कळलं.

हे सगळं मी शिकत होते तोवर ते मार्कांपुरतं होतं. एमएच्या वेळी ते पहिल्यांदा खरंच कामाला लागलं. परदेशातल्या एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा होता. त्यात पाचशे शब्दांचा निबंध: तुम्हाला घडवणारी व्यक्ती. एका सीनियरनं, ज्याला अशी शिष्यवृत्ती मिळाली होती, सल्ला दिला, "स्ट्रगल दिसू दे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." कच्चा मसुदा त्या अंगानं तयार झाला. तंबाखूचा वास, पावसात गळणारं छप्पर, आईचा खोकला, तिची बोटं, हजार विड्या. एकही शब्द खोटा नव्हता.

सुट्टीत घरी गेले होते. आई म्हणाली, "माझ्यावर लिहिलीस म्हणे. वाच की." मी मोबाईलवर इंग्रजी वाचत एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. ती वळत वळत ऐकत होती. संपल्यावर आधी म्हणाली, "हजार आता होत नाहीत गं. आठशेच होतात." मग थोडं थांबून, "यात मी एकदा पण हसले नाही की कुठं."

मी काही बोलले नाही.

"हे वाचून ती माणसं काय म्हणतील? बिचारी म्हणतील. मी काय बिचारी आहे का?"

मग काय लिहू, असं विचारलं तर तिनं सांगायला सुरुवात केली. ब्रँचमध्ये एकदा नोंद करणाऱ्यानं महिन्याचा हिशोब कमी लावला, तेव्हा तिनं चार आठवड्यांचे आकडे तोंडी म्हणून दाखवले आणि त्याला वही बदलायला लावली. शेजारच्या काकूंकडून ती तेलुगू शिकली, आता त्यांच्याशी तेलुगूतच भांडते. आणि विड्या वळताना ती मोबाईल भिंतीला टेकवून तेलुगू सिनेमे लावते. पाहत नाही, ऐकते. नजर पानावर ठेवावी लागते ना. तिनं शेकडो सिनेमे असे ऐकलेत. संवाद तोंडपाठ आहेत, हिरो आवाजावरून ओळखते. पण त्यातला एखादा हिरो समोर येऊन गप्प उभा राहिला तर ती त्याला पाणीसुद्धा विचारणार नाही.

हे शेवटचं सांगताना आम्ही दोघीही हसत होतो.

पाचशे शब्दांत हे बसवायचं तर काहीतरी काढणं भाग होतं. छप्पर काढलं, खोकला काढला. तंबाखू ठेवली, कारण ती तिचं काम आहे. आकडा आठशे केला. 'शी हॅज लिसन्ड टु हंड्रेड्स ऑफ फिल्म्स' हे वाक्य लिहिलं आणि ते मराठीइतकंच नेमकं उतरलं. सीनियरला नवा मसुदा पाठवला. त्याचं उत्तर आलं: "छान आहे, पण पहिला जास्त चालला असता." त्याचं कदाचित बरोबरही असेल. ती शिष्यवृत्ती मिळाली नाही. पुढच्या वर्षी दुसरी मिळाली, तिच्या अर्जात निबंध नव्हताच.

पण त्या दिवसानंतर एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली. आपण ज्या भाषेत लिहितो ती त्या माणसाला येत नसेल, तर त्याला हरकत घ्यायला वावच राहत नाही. मराठीत आईवर काही लिहिलं तर शेजारपाजारचं कुणीतरी वाचून तिला सांगेल आणि ती मला फोन करेल. इंग्रजीत तिला गृहिणी करा, बिचारी करा, देवी करा, तिला पत्ताही लागणार नाही. साच्यानं एकदा तिला हाउसवाइफ केलं होतं. दुसरा साचा तिला बिचारी करायला निघाला होता. विशेषणं, क्रियापदं, काळ हे सगळं शिकता येतं. पण ते लिहिलेलं उलट घरच्या भाषेत आणून त्या माणसासमोर ठेवायचं, हे कुठल्याच क्लासात नव्हतं.

सध्या मी पुण्यात आयईएलटीएसची तयारी करून घेते. बोलण्याच्या परीक्षेतल्या दुसऱ्या भागात एक कार्ड मिळतं. 'तुमच्यावर प्रभाव टाकणाऱ्या व्यक्तीचं वर्णन करा' छापाचा विषय त्यावर असतो. विचार करायला एक मिनिट, बोलायला जास्तीत जास्त दोन. बहुतेक मुलं 'माय मदर इज व्हेरी' अशी सुरुवात करतात आणि मी तिथंच थांबवते. ती काय करते ते सांग, कशी आहे ते राहू दे. मग कुणाची आई रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालते, कुणाची फोन ठेवताना तीनदा 'ठेवते' म्हणते.

आणि लिहून झाल्यावर एक गृहपाठ देते: ज्याच्यावर लिहिलंय त्याला मराठीत सांग, आणि तो काय म्हणतो ते लिहून आण. पुष्कळ जण टाळतात. मागच्या बॅचमधल्या एका मुलानं मात्र केलं. त्याचे वडील रिक्षा चालवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. दोन्ही बरोबर होत्या.