ऊन आणि आच

खानदेशात उन्हाची टंचाई आहे असे कोणी म्हणाले तर तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. मे महिन्यात आमच्या जळगावचा पारा ४५ अंशांना शिवून येतो. आणि टंचाई कसली, तर उन्हाची!

गेल्या वर्षी धुळ्याला आईची हाडे फार दुखू लागली. रक्ताचा कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. यांना ऊन मिळत नाही."

"ऊन नाही?" आई म्हणाली, "अहो, जन्म गेला माझा चुलीपुढे भाजण्यात!"

जळगावला परतल्यावर हा विनोद मी कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी कागद ओढला.

आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलचे एक भावंड असते. त्याच्या रेणूतले कार्बनचे एक कडे उघडले, तरच पुढे ड जीवनसत्त्व तयार होते. उघडताना कड्याची दोन टोके वळावी लागतात: एक तर दाराच्या दोन फळ्यांसारखी परस्परविरुद्ध, नाही तर बैलगाडीच्या चाकांसारखी एकाच दिशेने. कसे वळायचे ते इलेक्ट्रॉन ठरवतात. ते रेणूत लाटेसारखे पसरलेले असतात, आणि त्या लाटेची सममिती मोडून चालत नाही. नुसत्या उष्णतेत इथल्या सहा इलेक्ट्रॉनांची लाट फळ्यांची रीत मागते. पण या रेणूच्या घडणीत तसे वळायला जागाच नाही. उन्हातल्या अतिनील किरणाने एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढला, की तिथली लाट निराळी. मग चाकांची रीत चालते आणि कडे उघडते. पुढचे काम अंगाची ऊब करते.

हा नियम वुडवर्ड आणि हॉफमन यांनी १९६५ साली मांडला. जपानात फुकुई १९५२ पासून त्याच वाटेवर होते. १९८१ चे नोबेल फुकुई आणि हॉफमन यांना मिळाले. वुडवर्ड १९७९ सालीच वारले होते. हॉफमन यांनी पुढे कविताही लिहिल्या. मराठीच्या मास्तराला तेवढा धीर पुरला!

"म्हणजे चुलीपुढे कितीही बसले तरी?" मी विचारले.

"आचेने ते दार उघडत नाही."

मी गप्प झालो. धुळ्याचे आमचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आले. आतल्या अंगाला, एका झरोक्याचे. अंगणात ऊन रग्गड पडे. पण ते पापडांचे, मिरच्यांचे. वाळवण पसरून आई पदर सावरीत आत पळे, कारण चुलीवर नेहमी काहीतरी असेच. आम्ही गरम भाकरी खाल्ली आणि उठलो. पापडांना मिळाले तेवढे ऊन आमच्या आईला मिळाले नाही, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

औषध चालू आहेच. शिवाय या दिवाळीला दहा-अकराच्या कोवळ्या थंडीतल्या उन्हात मी तिची खुर्ची अंगणात मांडली आणि स्वतः कढईपुढे उभा राहिलो.

थोड्या वेळाने अंगणातून हाक आली, "अरे, आच कमी कर! चकल्या करपल्याचा वास येतोय!"

आचेतले तिला अजूनही माझ्यापेक्षा जास्त कळते. पण ती उठून आत आली नाही.