झाकण उघडे असताना

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे लोक सहज बोलीत दोन भाग सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली मे महिन्यात ऊन असे तापते की दुपारी माणूस हातचे काम टाकून सावली शोधतो. अशाच एका दुपारी मी धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या लॅपटॉपवर उतरवून घेत बसलो होतो. कागद पिवळा पडलेला, शाई फिकी झालेली. कुणाला मुलाच्या शाळेसाठी, कुणाला लग्नासाठी दाखला हवा असतो, आणि त्या वेळी नाव व तारीख अचूक सापडावी लागते.

लिहिता लिहिता पडदा एकाएकी काळा झाला. यंत्र झोपी गेले होते. कळ दाबली की ते जागे होई आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा निजे. कधी मात्र आपणहून जागे होऊन तासभर बिनतक्रार चाले. एका रात्री ते असेच निजले, सकाळी पाहतो तो बॅटरी संपलेली आणि न साठवलेली तीन पाने नाहीशी झालेली.

या लॅपटॉपवर लिनक्स बसवून दिले होते आमच्याच एका तरुणाने. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. यंत्र जुने, नवी प्रणाली त्याला पेलेना, म्हणून त्याने हा मार्ग सुचविला होता. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा गाभा जगाला खुला केला, ते हे लिनक्स. आपल्याकडे सी-डॅकने त्याच पायावर ‘बॉस’ ही मराठीतूनही वापरता येणारी प्रणाली उभी केली. हे सारे मला ठाऊक होते. तरी त्या सकाळी मी फोनवर त्या मुलाला म्हणालो, “फुकटाची वस्तू ती! तिच्यावर विसंबलो, हीच माझी चूक झाली.” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “फादर, रविवारी येतो.”

रविवारी तो आला. मला वाटले, आता सगळे पुसून नव्याने बसवील. तसे काही त्याने केले नाही. “फादर, तुला कोणी निजवले, हे आधी यंत्रालाच विचारू,” असे म्हणून त्याने ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा दिली. यंत्र स्वतःची रोजनिशी लिहीत असते, हे मी प्रथमच पाहिले. प्रत्येक झोपेच्या आधी तीत एकच नोंद होती : झाकण मिटले.

“अरे, पण झाकण तर उघडे होते!” मी म्हणालो.

त्याने टेबलाकडे पाहिले. माझा मोबाईल नेहमीप्रमाणे कळफलकाच्या डाव्या बाजूस, लॅपटॉपच्याच अंगावर ठेवलेला होता. त्याचे पाकीट चुंबकाने मिटणारे. त्याने मोबाईल उचलला, पुन्हा तेथेच ठेवला, आणि पडदा काळा झाला!

उलगडा साधा होता. बहुतेक लॅपटॉपच्या झाकणात एक लहानसा चुंबक असतो व खालच्या भागात तो ओळखणारा संवेदक. विद्युतप्रवाहावर चुंबकाचा जो परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ साली दाखवून दिला, त्यावरच असे अनेक संवेदक चालतात. संवेदकाला चुंबक तेवढा कळतो; तो झाकणातला की मोबाईलच्या पाकिटातला, हे कळत नाही. म्हणून मी मोबाईल तेथे ठेवला की यंत्र निजे, आणि कुणाचा फोन आल्यावर उचलला की जागे होई.

“झाकणाकडे लक्षच देऊ नको, असे यंत्राला सांगता येत नाही का?” मी विचारले. येते, असे तो म्हणाला. ‘लॉगिनडी’च्या नोंदपत्रात झाकणासंबंधीची एक ओळ बदलली की झाले. “पण मग तुम्ही खरोखर झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत घातलात, तरी तो आत चालूच राहील आणि तापेल. त्यापेक्षा मोबाईल हातभर दूर ठेवा.”

तीन पाने मात्र दुसऱ्याच दुखण्याने गेली होती. निजलेले यंत्र स्मृती जिवंत ठेवण्यासाठी थोडी वीज खातच असते. ‘यूपॉवर’ला विचारता कळले की बॅटरीत मूळ क्षमतेच्या निम्मीही शक्ती उरलेली नाही. त्यातच झोप दोन तऱ्हेची असते, एक हलकी व एक गाढ. आमचे यंत्र हलकी झोप घेत होते, आणि तीत वीज बहुधा अधिक जाते. त्याने गाढ झोपेची व्यवस्था लावली, नवी बॅटरी घ्यायला सांगितले, आणि उठण्यापूर्वी लिखाण साठवण्याची सवय लावून घ्या, असे मला बजावले.

तो निघाला तेव्हा मी त्याची क्षमा मागितली. “अरे, तुला मी उगाच बोललो.” तो हसला. “फादर, यंत्रानं खरं लिहून ठेवलं होतं म्हणून सापडलं.”

त्याचे ते वाक्य अजून मनात आहे. यंत्र आपल्या रोजनिशीत घडले ते जसेच्या तसे लिहीत होते. ती न वाचताच मी दोषी ठरवून मोकळा झालो होतो, आणि दोषाचे कारण माझ्याच हाताने रोज तेथे ठेवले जात होते. आता नोंदवही उतरवायला बसलो की मोबाईल खिडकीत ठेवतो. गेलेली तीन पाने मी पुन्हा लिहून काढली. त्या मुलाला बोललेले शब्द मात्र तसे पुसून पुन्हा लिहिता येत नाहीत.