शेवटचे ठीक कधी होते?

पक्षाघाताचा पेशंट सीटीच्या टेबलवर आला की मी आधी रक्तस्राव शोधतो. ताजं रक्त पांढरं दिसतं. ते दिसलं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बाद. हा भाग सोपा.

खरी परीक्षा रक्त नसताना. रक्तपुरवठा तुटलेला मेंदू पहिल्या काही तासांत सीटीवर फारसा काळवंडत नाही. मेंदूतल्या इन्सुला या भागाची कड पुसटलेली, करड्या-पांढऱ्या भागांमधली सीमा विरलेली, एवढ्यावरच भागवायचं. मी कॉन्ट्रास्ट ताणतो, डावी बाजू उजवीशी ताडतो, मेंदूच्या ठरलेल्या दहा भागांतले किती शाबूत ते मोजून ॲस्पेक्ट्सचा गुण देतो. उजवा हात लुळा आणि सीटी जवळजवळ स्वच्छ, असं अनेकदा असतं. ‘नॉर्मल’ ऐकून नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. मी मात्र घाईला लागतो: वाचवण्यासारखं अजून बरंच उरलंय, असा त्याचा अर्थ.

इंजेक्शनची मुदत 1995 मध्ये तीन तास होती, 2008 मध्ये साडेचार झाली. पण ‘सकाळी उठवायला गेलो तर तोंड वाकडं’ म्हणणाऱ्यांचं काय? घड्याळ रात्री झोपल्यापासून मोजायचं, म्हणजे मुदत संपलेलीच. अशांना आम्ही वर्षानुवर्षं नकार देत आलो. 2018 मध्ये वेक-अप चाचणीने वाट दाखवली. एमआरआयच्या डिफ्युजन चित्रात इजा काही मिनिटांतच उजळते, फ्लेअर या दुसऱ्या चित्रात उमटायला तास लागतात. पहिल्यात ठिणगी आणि दुसऱ्यात काहीच नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. घरच्यांना न सांगता आलेली वेळ चित्र सांगतं.

त्याच वर्षी डॉन चाचणीमुळे, मोठी रक्तवाहिनी बंद असलेल्या निवडक पेशंटांची गुठळी 24 तासांपर्यंत ओढून काढणं मान्य झालं. लोकांनी ‘निवडक’ गाळून 24 तेवढे लक्षात ठेवले! मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारे पर्फ्युजनचे रंगीत नकाशेही भुरळ घालतात. पेशंट हलला किंवा हृदय मंद असलं की ते फसवतात, म्हणून माझा भरवसा अजून साध्या सीटीवर आणि रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या अँजिओवरच जास्त.

तेव्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर सीटीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. ज्याने पेशंटला शेवटचं ठीक पाहिलं, त्याला सोबत आणा. आणि घरी ॲस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे चित्र पाहिल्याशिवाय मलाही कळत नाही.