पहिलं पान, आतलं पान

आरोपीचा फोटो किती कॉलमचा छापायचा, याला काही नियम असतो का, बॉस?

१६ मे २०१३ ला मुंबईचा फिरकीपटू अंकित चव्हाण स्पॉट फिक्सिंगच्या आरोपाखाली श्रीशांत आणि चंडिलासोबत पकडला गेला. मी सुट्टीवर चकलांब्याला होतो. टपरीवरच्या पेपरात फोटो पहिल्या पानावर! चहा निवायच्या आत तट पडले. ‘आपलं मराठी पोरगं असं करायचं नाही’ विरुद्ध ‘पेपरात आलंय म्हणजे खरंच असंल की!’

२५ जुलै २०१५ ला दिल्लीच्या कोर्टानं तिघांनाही आरोपमुक्त केलं. त्याच पेपरात ही बातमी आत, जाहिरातीच्या खाली. मी ती मोठ्यानं वाचली, तर आमचे अण्णा म्हणाले, “का रं पुणेकर, मग बोर्डानं बंदी का नाही उठवली?”

प्रश्न बिनतोड. कोर्टाला लागणारा पुरावा वेगळा, बोर्डाची शिस्तीची चौकशी वेगळी, हे समजावणाऱ्या चार ओळी त्या चौकटीत नव्हत्याच. (फोटोही नव्हता.) मी सांगू लागलो, तोवर अण्णा कापसाच्या भावावर पोचले होते.

आजीवन बंदी सात वर्षांवर आली ती २०२१ मध्ये. तेव्हा अंकित पस्तीस वर्षांचा होता.