पुरेसे म्हणजे किती?

बँकांच्या भरतीपरीक्षांत एक चमत्कारिक प्रश्नप्रकार असतो. त्यात उत्तर काढावयाचे नसते. दिलेली दोन विधाने उत्तरास पुरेशी आहेत की नाहीत, एवढेच सांगावयाचे असते. कन्नौदला आमच्या घरातील मुले ही गणिते सोडवू लागली, तेव्हा आम्हीही कागद पुढे ओढला.

क्ष ही संख्या शून्याहून मोठी आहे काय? पहिले विधान : क्षचा वर्ग क्षहून मोठा. दुसरे : क्षचा घन क्षहून मोठा. संख्यारेषा आखावी. पहिल्या विधानाने क्ष शून्याच्या डावीकडे किंवा एकाच्या उजवीकडे जातो. दुसऱ्याने उणे एक व शून्य यांच्या दरम्यान किंवा एकाच्या उजवीकडे. दोन्ही विधाने एकत्र घेतली तरी उणे अर्धा चालतो आणि दोनही चालतो. म्हणजे माहिती अपुरी. उलट ‘घन वर्गाहून मोठा’ हे एकच विधान असते, तर क्ष एकाहून मोठा ठरून प्रश्न मिटला असता.

ही रेषा आम्हांस घरच्या एका जुन्या वादाकडे घेऊन गेली. आमचे मूळ पुरुष अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत माळव्यात आले, असे घरात अभिमानाने सांगितले जाते. आधार दोन : ते पानिपतानंतर, म्हणजे १७६१ नंतर आले ही परंपरा, आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहापूर्वीचा, त्यांच्या नावाचा इथल्या जमिनीचा कागद. दोन्ही खरे मानले, तरी अहिल्याबाईंची कारकीर्द १७६७ ते १७९५. तिच्या अलीकडे सहा व पलीकडे तेवीस वर्षे मोकळी राहतात. मूळ पुरुष मल्हाररावांच्या अखेरच्या काळात आले असतील, वा यशवंतरावांच्या धामधुमीतही.

“दोन-दोन पुरावे असता अपुरे कसे?” असे वडीलधाऱ्यांनी किंचित दुखावूनच विचारले. आमचे म्हणणे इतकेच, की अपुरे म्हणजे खोटे नव्हे. त्या काळात आल्याची स्पष्ट नोंद मिळाली तर प्रश्न सुटेल. आणि १७६७ पूर्वीच ते इथे होते असा कागद निघाला, तरीही सुटेल. नकाराची खात्री हीदेखील खात्रीच. ती स्वीकारण्याची तयारी नसेल, तर पुरावा शोधण्यास अर्थ नाही.

तूर्त वंशावळीत ‘१७६१ नंतर, १८१८ पूर्वी’ असे लिहून पुढे थोडी जागा कोरी ठेवली आहे.